बिडी विचारली, बीड विचारलं नाही

माझ्या दवाखान्याच्या केसपेपरवर नाव, वय, गाव यांच्याखाली 'व्यवसाय' असा एक बोटभर रकाना आहे. ज्या रुग्णाला मी इथं मामा म्हणतोय, त्यांचा कागद फेब्रुवारी २०२४ मध्ये भरला, त्यात त्या जागी माझ्याच अक्षरात 'नोकरी' एवढंच लिहिलंय. शेजारच्या 'व्यसन' या रकान्यात मात्र मी दोन ओळी खर्ची घातल्या आहेत: बिडी, रोज एक बंडल, पंधरा वर्षं, २०१९ साली सोडली, तंबाखू चालू. बिडी मी अगदी खोदून विचारली होती. बीड विचारायचं राहून गेलं.

बीड म्हणजे कास्ट आयर्न. कोल्हापुरात हा शब्द शाळकरी पोरालाही माहीत असतो. उद्यमनगरच्या गल्ल्यांत सुरू झालेला हा बीड ओतण्याचा, म्हणजे फौंड्रीचा, धंदा शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढं कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीपर्यंत पसरला. इथल्या कास्टिंगवर देशभरातले ट्रॅक्टर, पंप आणि ट्रक चालतात. माझा दवाखाना या पट्ट्यातल्याच एका गावात आहे. संध्याकाळी शिफ्ट सुटली की बाकावर बसलेल्या निम्म्या लोकांच्या कानामागं काळी पूड असते. एकोणीस वर्षं ती पूड मला दिसतेय, आणि तरीही कागदावर 'नोकरी'.

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून या लेखात काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय क्रम तोच ठेवला आहे.

मामा ४६ वर्षांचे. उंची १६८ सेंटिमीटर, त्या दिवशीचं वजन ४७ किलो. तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस, खांद्यांची हाडं अजून रुंद, पण सदरा त्यांच्यावर हँगरला टांगल्यासारखा दिसत होता. दोन महिने खोकला, संध्याकाळची कणकण, एकदा बेडक्यात रक्ताची रेघ. "आन् दम लागतोय डॉक्टर. रानात वैरणीचा भारा उचलला की बसावं लागतंय." २०१९ मध्ये त्यांना एकदा क्षय झाला होता. एका खासगी डॉक्टरांकडं सहा महिने गोळ्या खाऊन बरे झाले होते. गोळी चुकवली नव्हती, हे मामींनी दोनदा सांगितलं.

बेडका ट्रूनॅटला पाठवला. गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं हे छोटं, बॅटरीवर चालणारं यंत्र आता ग्रामीण आरोग्य केंद्रांतही असतं. तासा-दोन तासांत जंतू आहे की नाही आणि रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद देईल की नाही, दोन्ही कळतं. जंतू होता आणि औषधाला दाद देणारा होता. आधी एकदा उपचार झालेला असल्यानं आयसोनियाझिड या दुसऱ्या औषधाचीही तपासणी करून घेतली. तिथंही प्रतिकार नव्हता. छातीच्या फोटोत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात स्पष्ट पोकळी होती. फोटोत भोक दिसलं की डॉक्टरचा डोळा तिथंच अडकतो आणि बाकीचं फुफ्फुस नुसतं पार्श्वभूमी होऊन जातं. माझंही तसंच झालं. निक्षय या सरकारी क्षयनोंदणीच्या संकेतस्थळावर नोंद झाली, वजनाच्या गटाप्रमाणं रोज तीन एकत्रित गोळ्या सुरू झाल्या, आणि मी निर्धास्त झालो. सरळसोट केस होती.

दोन महिन्यांनी बेडका जंतुमुक्त आला. वजन ५० किलो झालं. ताप गेला, भूक परत आली. दम मात्र होता तिथंच होता. मी दुसरा फोटो काढायला सांगितला. पोकळी आक्रसली होती, भोवतीचं धुकं विरलं होतं. पण दोन्ही बाजूंना, वरच्या अर्ध्या भागात, बारीक मोहरीसारखे ठिपके पसरले होते. पहिला फोटो काढून शेजारी धरला. ठिपके त्यातही होते, धुक्याआड होते इतकंच. जंतू मरतात तसे क्षयाचे ठिपके हळूहळू पुसट होतात. हे जागचे हलले नव्हते.

तरीही माझ्या डोक्यात त्या क्षणी आलं ते 'जुन्या क्षयाचे व्रण'. पहिल्या आजाराचे असतील. मी तसं म्हणूनही गेलो असतो. मामी मध्येच बोलल्या म्हणून थांबलो.

त्यांना विचारायचं होतं, "ह्यांची कापडं वायली धुवायची का?" क्षय कपड्यांनी पसरतो ही भीती घरोघरी असते, त्यामुळं ठरलेलं उत्तर मी तोंडपाठ देऊ लागलो: नाही मामी, हा हवेतून पसरतो, ताटवाटी-कपड्यांतून नाही. त्यांनी हात हलवून मला गप्प केलं. "तसं न्हवं वो. मी पयल्यापास्नंच वायली धुती. पाणी काळंशार हुतंय आन् बादलीच्या बुडाला वाळू बसती. पोरांच्या कापडाला लागती म्हणून वायली."

"वाळू कसली?"

"फौंड्रीतली. दुसरी कुठली?"

बाहेर आठ-दहा जण ताटकळत होते. तरी त्या दिवशी मामांना समोर बसवून पाऊण तास फक्त कामाबद्दल विचारलं. इटलीतल्या मोडेना शहरात १७०० साली रामाझ्झिनी नावाच्या वैद्यानं कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यकाच्या नेहमीच्या प्रश्नांत एक भर घातली: तुझा धंदा काय? मेडिकलच्या तिसऱ्या वर्षी हे वाक्य मी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

मामा चोवीस वर्षं फौंड्रीत होते. पहिली सहा मोल्डिंगवर, पुढची चार नॉक आऊटला आणि उरलेली चौदा फेटलिंगला. या तीन शब्दांमागं काय आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बिडाचा जॉब, म्हणजे घडवायचा भाग, ओततात तो वाळूच्या साच्यात. वाळूत बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी मिसळतात, म्हणून ती काळी दिसते. मूळची ती सिलिका वाळू, म्हणजे स्फटिक रूपातलं क्वार्ट्झ. ओली असते तोवर फारशी उडत नाही, त्यामुळं साचा घडवताना, म्हणजे मोल्डिंगला, धोका असला तरी तुलनेनं कमी. साच्यात चौदाशे अंशांच्या आसपासचा रस ओतला की लगतची वाळू भाजून कोरडी होते, तडकते, आणि तिच्यातल्या काही भागाचं क्रिस्टोबलाइट नावाच्या आणखी खोडसाळ रूपात परिवर्तन होतं. रस थिजल्यावर साचा फोडतात. हाच नॉक आऊट. इथं धूळ डोळ्यांना दिसते, ढगच उठतो. मग फेटलिंग: जॉबला चिकटलेले रनर-रायझर, म्हणजे रसाच्या वाटांत थिजलेले जादा तुकडे, तोडायचे, कडा घासायच्या आणि पृष्ठभागात भाजून बसलेली वाळू हातातल्या ग्राइंडरनं उडवायची. माणूस जॉबवर वाकलेला असतो, तोंड ठिणग्यांपासून हातभर अंतरावर. कण तिथं नव्यानं फुटत असतो, आणि ताज्या फुटलेल्या सिलिकाचा पृष्ठभाग जुन्या, मुरलेल्या धुळीपेक्षा जास्त घातक असतो.

"तोंडाला काय बांधायचा?"

"टावेल." थोडं थांबून, "मास्क देत्यात की. तपासणीला साहेब याचे असले की."

मामींच्या बादलीच्या तळाशी बसणाऱ्या वाळूनं मला जागं केलं, पण त्या वाळूचा तसा काही दोष नाही. डोळ्यांना दिसणारा कण नाकात, घशात अडकतो, शेंबडातून-बेडक्यातून बाहेर पडतो. मारक कण दिसत नाही. तो पाच मायक्रॉनहून लहान असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. एवढा बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगतो, टॉवेलच्या विणीतून निवांत आत जातो आणि थेट वायुकोशांत उतरतो. ज्या शेडमध्ये उन्हाच्या तिरिपेत धूळ नाचताना दिसत नाही, ती शेड स्वच्छ असं मालक-कामगार दोघंही धरून चालतात. अमेरिकेच्या २०१६ च्या नियमानुसार आठ तासांच्या पाळीत हवेच्या एका घनमीटरमागं सरासरी ५० मायक्रोग्रॅमपर्यंतच सिलिका चालते. एवढी धूळ डोळ्यांना कळणारच नाही, ती उपकरणानंच मोजावी लागते.

वायुकोशात पोचलेल्या कणाला मॅक्रोफेज नावाची पेशी गिळते. फुफ्फुसाची ही रखवालदारच म्हणायची. जंतू गिळला तर ती त्याला पचवते. सिलिका पचत नाही. उलट ती पेशीच्या आतल्या पिशव्या फाडते, पेशी मरते, मरताना दाह पेटवणारी द्रव्यं सोडते आणि कण पुन्हा मोकळा होतो. त्याला दुसरी पेशी गिळते. हे चक्र वर्षानुवर्षं चालतं आणि प्रत्येक फेऱ्याला थोडी थोडी वणासारखी गाठ तयार होते. मोहरीएवढे ठिपके ते हेच. माणसानं धुळीचं काम सोडलं तरी आत बसलेला कण काम सोडत नाही, त्यामुळं हा आजार, म्हणजे सिलिकोसिस, काम सुटल्यावरही वाढू शकतो. तो उलटवणारं औषध आज उपलब्ध नाही.

क्षयाशी त्याचं नातंही इथंच जुळतं. क्षयाच्या जंतूला अडवायचं काम त्याच रखवालदार पेशीचं असतं. सिलिकानं तिला आधीच लुळं करून ठेवलेलं असतं. म्हणून सिलिकोसिस असलेल्यांना क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा साधारण तीन ते चार पट असतो. नुसती धूळ खाल्लेल्या, फोटोत अजून काहीच न दिसणाऱ्या माणसालाही तो काही प्रमाणात जास्तच. आपल्याकडं क्षयाचा जंतू निजलेल्या अवस्थेत अंगात असणारी माणसं पुष्कळ. अशा देशात फौंड्री, दगडखाण, मंदसौरच्या पाटीपेन्सिली, खंभातचे अकीक, जिथं जिथं दगड फुटतो तिथं हे दोन आजार जोडीनं येतात. दोघांची लक्षणं सारखी आणि फोटोही जवळपास सारखा. त्यातल्या एकाचं नाव आपल्या ओठावर तयार असतं.

शहरातल्या छातीविकाराच्या एका अनुभवी डॉक्टरांकडं मामांना घेऊन गेलो. सीटी स्कॅनमध्ये वरच्या भागात गाठींची दाटी दिसली, एका ठिकाणी त्या एकमेकींत मिसळून मोठा गोळा होऊ लागल्या होत्या. फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्या लसीका-ग्रंथींच्या कडेनं चुन्याचा थर होता, अंड्याच्या टरफलासारखा. श्वासाच्या तपासणीत फुफ्फुसाची क्षमता अपेक्षेच्या जेमतेम साठ टक्के. निदान झालं, सिलिको-ट्यूबरक्युलोसिस, म्हणजे सिलिकोसिस आणि क्षय एकत्र. डॉक्टरांनी सहज विचारलं, "पहिल्या वेळचा फोटो असेल का?"

मामींनी २०१९ ची प्लेट घरून आणली. देवघरामागं कॅलेंडरच्या गुंडाळीत ठेवली होती. खिडकीच्या काचेवर धरली. त्यातही ते ठिपके होते.

पाच वर्षांपूर्वी ते कुणाला दिसले नाहीत, आणि मला फेब्रुवारीत दिसले नाहीत. पहिल्या डॉक्टरांना बोल लावायचा मला अधिकार नाही. पण या न दिसण्याची किंमत काय, ते एका जुन्या अभ्यासातून समजतं. हाँगकाँगच्या छाती-रुग्णसेवेनं मद्रासचं क्षय संशोधन केंद्र आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल यांच्यासोबत सिलिकोसिस असलेल्या क्षयरुग्णांचे दोन गट केले होते. एकाला सहा महिने औषध, दुसऱ्याला आठ. १९९१ मध्ये निष्कर्ष छापून आले: सहा महिनेवाल्यांत २२ टक्क्यांचा आजार उलटला, आठ महिनेवाल्यांत ७ टक्क्यांचा. कारण समजायला सोपं आहे. त्या वणाच्या गाठींत रक्तपुरवठा तोकडा, औषध कमी पोचतं, आणि साफसफाई करणाऱ्या पेशी अधू. दोन महिने जादा औषधानं तिपटीचा फरक पडतो. या पट्ट्यातल्या डॉक्टरला हा अभ्यास तोंडपाठ असायला हवा होता. मला तो शोधून काढावा लागला.

मामांचा २०२४ चा क्षय जुनाच उफाळला की नवा लागला, हे आता ठरवता येणार नाही. २०१९ चे जंतू कुणी जपून ठेवलेले नाहीत. या वेळी औषध आठ महिने द्यायचं ठरलं. तालुक्याच्या उपचार पर्यवेक्षकांना सहा महिन्यांनंतरच्या गोळ्यांसाठी लेखी कारण हवं होतं. ते दिलं. गोळ्या आल्या.

घराकडं वळलो. पत्नी, म्हातारी आई, सतरा आणि चौदा वर्षांची दोन मुलं. चौघांच्याही तपासण्या झाल्या, क्षय कुणाला नव्हता. मग प्रतिबंधक उपचार. पूर्वी सहा महिने रोज आयसोनियाझिडची गोळी घ्यावी लागायची. आता रिफापेंटिन आणि आयसोनियाझिड यांची जोडगोळी आठवड्यातून एकदा, अशा बारा आठवड्यांत काम होतं. आशाताईंनी वार ठरवला शुक्रवार, अंबाबाईचा. "उपास मोडायच्या आधी गोळी," असं सांगितल्यावर आजीबाई एकदाही विसरल्या नाहीत.

खाण्याचा प्रश्न मात्र गोळीइतका सहज सुटत नव्हता. झारखंडमध्ये अनुराग आणि माधवी भार्गव या डॉक्टर दांपत्याच्या पुढाकारानं 'रेशन्स' नावाची चाचणी झाली आणि २०२३ मध्ये लॅन्सेटनं तिचे निष्कर्ष छापले. २८०० रुग्ण आणि त्यांच्या घरचे १०,३४५ लोक तीत होते. निम्म्या घरांत रुग्णासोबत कुटुंबातल्या प्रत्येकालाही दर महिन्याला शिधा दिला: माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. एवढ्यानं घरच्यांमध्ये नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं, आणि थुंकीत जंतू सापडणारा क्षय ४८ टक्क्यांनी. डाळ-तांदळानं! नवं औषध निघालं असतं तर या आकड्यावर पहिल्या पानाच्या बातम्या झाल्या असत्या. त्याच चाचणीत रुग्णांबाबत असंही दिसलं की पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वजन वाढलेल्यांत मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी होता. मामांचे तीन किलो म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त. तेवढ्यावर मी थोडी कॉलर ताठ करून घेतली.

निक्षय पोषण योजनेचे तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळायचे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. मामांच्या गोळ्या ऑक्टोबरात संपल्या. पाचशेत अंडी बसत होती, आणि घरी एक म्हैस असल्यानं दुधाची ददात नव्हती. इथं एक कोल्हापुरी अडचण आली. मामा लहानपणापासून धारोष्ण दुधाचे भक्त. तालमीतल्या दिवसांत गंगावेशीतल्या कट्ट्यावर उभ्या-उभ्या म्हशीच्या सडाचं फेसाळ दूध पिऊन घरी यायचे. "तापवलं की ताकद जातीया," हा त्यांचा सिद्धांत. न तापवलेल्या दुधातून जनावरांचा क्षय माणसात येऊ शकतो, हे पटवताना मला बीड आणि सिलिका समजावताना पडले त्यापेक्षा जास्त कष्ट पडले. शेवटी मामींनी निकाल लावला. म्हशीच्या धारा काढायला त्या स्वतः बसू लागल्या आणि चरवी थेट चुलीवर जाऊ लागली.

क्षयाच्या कार्यक्रमात घरच्यांचा शोध आता नेटका घेतला जातो. पण मामा दिवसातले दहा-बारा तास घरी नसायचे. ते असायचे त्या पत्र्याच्या शेडमध्ये, पाच जणांच्या फेटलिंग लायनीत, एकाच हवेत. त्या पाचांतल्या दोघांना खोकला आहे, हे मामांनी मला तिसऱ्या भेटीत सांगितलं. अशा शेडमध्ये खोकणाऱ्याचा जंतू उडतो आणि ऐकणाऱ्याचं फुफ्फुस धुळीनं आधीच भुसभुशीत झालेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्यांची क्षयासाठी नियमित तपासणी करावी असं सांगते. आपल्या केंद्र सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत सिलिकोसिस झालेल्या माणसालाही प्रतिबंधक उपचार द्यायची तरतूद आहे, त्याच्या घरी क्षयरुग्ण असो वा नसो. कागदावर सगळं आहे. पण त्यासाठी आधी सिलिकोसिस सापडला पाहिजे, आणि तो सापडायला कुणीतरी धंदा विचारला पाहिजे.

मी कारखान्यात जाऊन मालकांना भेटलो. चहा आला. माणूस खडूस नव्हता. वडिलांच्या उद्यमनगरातल्या चार खणांच्या जागेतून उभा केलेला धंदा, वरच्या कंपनीचा दर दरवर्षी खाली, विजेचं बिल वर. मी छातीच्या फोटोंचं शिबिर घेऊ म्हणालो. ते म्हणाले, "डॉक्टर, ही माणसं माझी न्हाईत, कॉन्ट्रॅक्टरची हाईत." मग आवाज उतरवून, "शिबिर घेतलं आन् पाच जणांना निघालं, तर उद्या फेटलिंगला उभं कोण राहणार?" निघताना दारात म्हणाले, "मीपण बारा वर्षं ग्राइंडर धरलाय. मला कुठं काय झालंय?" त्यांना बोलता बोलता दोनदा खोकला आला होता. तुमचाही एक फोटो काढूया, म्हटलं. हसले. अजून आलेले नाहीत.

उपाय महागडे आहेत असंही नाही, सगळे तर नाहीतच. ग्राइंडरच्या तोंडाशीच धूळ ओढून घेणारं नळकांडं बसवता येतं. झाडू मारण्याऐवजी ओलं पुसता येतं किंवा व्हॅक्युम वापरता येतो. कॉम्प्रेसरच्या हवेनं अंगावरची धूळ झटकायची सवय तर फुकटात बंद करता येते, आणि मामांच्या शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीआधी सगळे तेच करायचे. काही जॉबना सिलिकाऐवजी ऑलिव्हिन या दुसऱ्या खनिजाची वाळू चालते. मास्क सगळ्यांत शेवटी. तो नाकावर घट्ट बसला तरच कामाचा, आणि एप्रिलच्या उन्हात भट्टीशेजारी आठ तास तो कुणाच्याही नाकावर घट्ट बसत नाही. आमच्याकडं मात्र सुरुवातच मास्कपासून होते, आणि शेवटही तिथंच.

कायद्याचं पान मी उशिरा उघडलं. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेला कारखाने अधिनियम, १९४८. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस होता. कलम ८९ म्हणत होतं की अशा आजाराचा कामगार ज्या डॉक्टरकडं उपचार घेतो, त्यानं विलंब न लावता मुख्य निरीक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवायचं. न कळवल्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड होता. क्षय न कळवणं गैर आहे, हे २०१२ पासून आम्हा डॉक्टरांच्या मनावर चांगलं ठसलंय. निक्षयवर नोंद केल्याशिवाय मी घरी जात नाही. सिलिकोसिसची नोंद मी एकोणीस वर्षांत एकदाही केली नव्हती. आमच्या संघटनेच्या बैठकीत विषय काढला तेव्हा समोरच्या वीस-बावीस जणांत एकाचाही हात वर गेला नाही. पहिला अर्ज मी हातानं लिहिला, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नावे. पत्ता लिहिताना मामांचा विचार मनात आला. मी मालकाचं नाव कळवतोय म्हणजे मामांची रोजी कापतोय का? त्यांना विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. "पाठवा. माझं ज्ये व्हायचं त्ये झालंय. पाठीमागं पोरं हाईत."

भरपाईचा मार्ग कामगार विम्यातून जातो, तिथंही हा आजार व्यवसायजन्य म्हणून मान्य आहे. पण चोवीस वर्षांत तीन ठेकेदार बदलले, नंतरच्यांनी प्रत्येक वेळी नवा विमा नंबर काढला, आणि पहिल्यानं बहुधा काढलाच नव्हता. माणूस त्याच शेडमध्ये, त्याच ग्राइंडरवर. कागदावर तो तीन वेगवेगळे नवशिके. राजस्थाननं २०१९ मध्ये सिलिकोसिसवर वेगळं धोरण केलं, त्यात मंडळाकडून प्रमाणपत्र मिळालं की तीन लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख मिळतात. विमा नंबर असो वा नसो. तिथल्या दगडखाणींच्या मजुरांकडं असे नंबर नव्हतेच, म्हणून तशी सोय करावी लागली. महाराष्ट्रातल्या फेटलरकडं नंबर आहेत, पण त्यांतला एकही पुरेसा जुना नाही.

एका गोष्टीकडं मी आशेनं बघतोय. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं रक्ताच्या थेंबातलं सीसी-१६ नावाचं प्रथिन मोजणारा संच तयार केला आहे. धुळीनं श्वासनलिकांच्या काही पेशी मरू लागल्या की रक्तातलं हे प्रथिन घटतं, फोटोत ठिपके उमटायच्या बरंच आधी. निदान पक्कं करायला ते पुरेसं नाही, पण कुणाला फोटोला पाठवायचं, कुणाला ग्राइंडरवरून उठवायचं, हे ठरवायला उपयोगी पडू शकतं. उठवलेल्या माणसाला बसवायचं कुठं, ते कुठल्याही संचात निघत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मामांचं औषध संपलं. बेडका स्वच्छ, वजन ५४. निक्षयवर त्यांच्या नावापुढं 'बरा झाला' अशी नोंद पडली, आणि ती खरी आहे. त्याच दिवशी श्वासाची तपासणी केली, तर आकडा मेमध्ये होता तिथंच, किंबहुना दोन टक्क्यांनी खाली. दवाखान्याच्या पाच पायऱ्या चढून ते वर आले आणि बोलायच्या आधी बाकावर बसले. फ्लू आणि न्यूमोनियाची लस दिली, श्वासाचे व्यायाम शिकवले, तंबाखूवरून मामांनी पुन्हा एकदा बोलणी खाल्ली. दर सहा महिन्यांनी बेडका आणि वर्षातून एकदा फोटो, एवढं ठरलंय.

कारखान्यानं त्यांना पॅटर्नच्या, म्हणजे साच्यासाठी लागणाऱ्या लाकडी नमुन्यांच्या, स्टोअरला बसवलं. पगार तीन हजारांनी कमी. स्टोअर फेटलिंगच्या शेडला लागून आहे, मधली भिंत वरून उघडी. मी जागा बघायला गेलो तेव्हा लाकडी पॅटर्नवर बोट फिरवलं, तर बोटाला राखाडी पूड लागली. त्यावर दुसरं पत्र लिहिलं. भिंत वरपर्यंत घेतो, असं मालकांनी फोनवर सांगितलंय.

थोरला मुलगा दहावी झाल्यावर आयटीआयला गेला, फिटरला. मामांनी त्याला मोल्डरचा फॉर्म भरू दिला नाही.

लायनीतल्या पाचांपैकी तिघांचे फोटो आम्ही शिबिराशिवायच काढले, एकेकाला दवाखान्यात बोलावून, कागदावर 'खोकला' लिहून. एकाचा साफ आहे. एकाला क्षय निघाला, गोळ्या सुरू आहेत, आठ महिन्यांच्या. तिसऱ्याच्या फोटोत बारीक ठिपके आहेत आणि बेडका स्वच्छ आहे. त्याला प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या आणि कलम ८९ चा दुसरा अर्ज पाठवला. तो अजून ग्राइंडरवरच आहे, घरात तीन बहिणी आहेत म्हणाला. चौथा अठ्ठावीस वर्षांचा. त्याला काही होत नाही, म्हणून येत नाही. गेल्या आठवड्यात पोराला ताप आला म्हणून घेऊन आला होता. पोराचा केसपेपर करताना मी बापाचा धंदा विचारला. "बिडाचं काम," म्हणाला. सुट्टीदिवशी फोटोला येतो म्हणालाय.